गडाकडच्या आईवडिलांसाठी आधी कागद

नारायणगडाच्या पंचक्रोशीतून तुम्ही नव्याने परदेशात आला आहात. आषाढीला गडाची, आपल्या धाकट्या पंढरीची, हुरहुर लागेलच. पण इथे रुळलेल्या आम्हा कुटुंबांचं पहिलं सांगणं कागदपत्रांबद्दल आहे. आईवडिलांचं भान शाबूत आहे तोवर ती करून घ्या.

वडिलांनी भावाला दिलेलं मुखत्यारपत्र वडिलांचं मानसिक भान गेलं की संपतं. भारतीय करार कायद्याचं 201वं कलम तसं सांगतं. स्मृतिभ्रंशात खरी गरज पडते नेमकं तेव्हाच ते निकामी होतं, मग पालक नेमून घ्यायला कोर्टाची पायरी चढावी लागते. म्हणून औषधपाण्याच्या खर्चाचं खातं आत्ताच संयुक्त करा, दोघांपैकी कोणालाही पैसे काढता येतील असं. नाव घालायचं ते सांभाळणाऱ्या माणसाचं, पैसे पाठवणाऱ्याचं नव्हे. बहुतेक घरांत ती वहिनी असते, नाहीतर जवळच्या गावात दिलेली बहीण. रात्री दोन वाजता गाडी ठरवून बीडचं रुग्णालय गाठते तीच. पैशांसाठी तिला तुमच्या फोनची वाट बघायला लावणं हा अन्याय आहे.

उपचार कुठवर करायचे आणि ते कोणी ठरवायचं, हेही आईवडिलांना लिहून ठेवता येतं. दोन साक्षीदार आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकारी पुरतात. सर्वोच्च न्यायालयाने 2023 मध्ये ही रीत सोपी केली.

जमीन मुलांच्या नावावर करायची घाई नको. बक्षीसपत्र करायचंच असेल तर सांभाळ करण्याची अट दस्तातच लिहा. मुलाने पाठ फिरवली तर 2007च्या ज्येष्ठ नागरिक कायद्याच्या 23व्या कलमाखाली दस्त रद्द करून घेताना तीच अट कामी येते. दाद उपविभागीय अधिकाऱ्यांच्या न्यायाधिकरणाकडे मागायची. वडील अंथरुणाला खिळले असतील तर दुय्यम निबंधकांनी घरी यावं असा अर्ज करता येतो.

सत्तरी ओलांडलेल्यांचं आयुष्मान वय वंदना कार्ड काढाच. वर्षाला 5 लाखांपर्यंतचे उपचार, उत्पन्नाची अट नाही. ज्येष्ठांची हेल्पलाइन 14567.

अमेरिकेत असाल तर पात्र नोकरदाराला आजारी आईवडिलांसाठी वर्षात 12 आठवडे बिनपगारी रजा मिळते, आईवडील भारतात असले तरी. पगाराचा भाग मिळणं राज्यावर अवलंबून आहे. कॅलिफोर्नियात 8 आठवडे मिळतो. रजेसाठी भारतातल्या डॉक्टरांचं प्रमाणपत्र मागितलं जाऊ शकतं. ते इंग्रजीतच लिहून घ्यायला वहिनीला सांगून ठेवा.