विजेचा साठा

माढा तालुक्यात भीमा नदीवर उजनीचे धरण आहे. ते १९८० मध्ये पूर्ण झाले. त्याच्या पायथ्याशी १२ मेगावॅटचे वीजघर आहे. पाणी खाली येताना चक्र फिरवते आणि वीज तयार होते, हे तुम्ही विज्ञानात शिकला आहात. पण या वीजघराची आणखी एक गंमत आहे. विजेची मागणी कमी असेल तेव्हा यंत्र उलटे फिरवून खालचे पाणी पुन्हा वर चढवता येते. उर्दूत साठ्याला ‘जखीरा’ म्हणतात ना? उजनी पाण्याचा जखीरा आहेच, थोडासा विजेचाही आहे.

दुकानासाठी किंवा दवाखान्यासाठी धरण कोण बांधणार? तिथे हे काम बॅटरी करते. शिसे व आम्ल यांची बॅटरी १८५९ मध्ये गास्तों प्लांते या फ्रेंच शास्त्रज्ञाने तयार केली. तुमच्या मोबाइलमधली लिथियमची बॅटरी १९९१ मध्ये बाजारात आली.

आता एक हिशेब करा. दुकानातल्या इन्व्हर्टरची बॅटरी १२ व्होल्टची व १५० अँपिअर-तासांची आहे. गुणाकार केला की १८०० वॅट-तास, म्हणजे १.८ युनिट वीज होते. दोन पंखे आणि पाच दिवे मिळून २५० वॅट लागतात. कागदावर ही वीज सात तास पुरते. प्रत्यक्षात काही वीज वाया जाते आणि बॅटरी पूर्ण रिकामी करत नाहीत. म्हणून चार-पाच तासच धरा. त्यावर १५०० वॅटचे एसी लावले, तर तासभरही निघणे कठीण!

म्हणून शहाणा वायरमन साऱ्या इमारतीला बॅटरी जोडत नाही. दवाखान्यात लसींचा फ्रीज, शस्त्रक्रियेच्या खोलीतला दिवा व संगणक यांची तारजोडणी तो वेगळी करतो. बॅटरीवर एवढेच चालते. वीज गेली की बाकीचे बंद.

केळीच्या शीतगृहाची गोष्ट निराळी. तिथली मोटर सुरू होताना क्षणभर नेहमीच्या कित्येक पट वीज ओढते. बॅटरीत साठा भरपूर असूनही तो धक्का इन्व्हर्टरला सोसत नाही. पण शीतगृहाला एक सोय आहे. छतावर सौर पट्ट्या असतील तर दुपारी खोली थोडी जास्त गार करून ठेवावी. तो गारवाही साठाच आहे आणि त्याला बॅटरीइतका खर्च येत नाही. मात्र फळाला सोसेल एवढेच गार करावे.

मोठ्या इमारतींतही हेच चालते. ॲमस्टरडॅमच्या फुटबॉल मैदानात २०१८ मध्ये मोटारगाड्यांच्या १४८ बॅटऱ्यांइतका साठा बसवला. त्यांपैकी काही गाड्यांत वापरून झालेल्या होत्या.

सर्वांत महत्त्वाचे आता सांगतो. वीज गेल्यावर लाइनमन खांबावर चढतो. तार बंद आहे असे त्याला वाटते. पण एखाद्या इमारतीची बॅटरी चुकून बाहेरच्या तारेला जोडलेली राहिली तर? वीज उलट दिशेने रोहित्रात शिरते. खाली सुमारे ४०० व्होल्ट, वर ११,००० व्होल्ट! खांबावरचा माणूस क्षणात मरू शकतो. म्हणून मीटरच्या मागे असा खटका बसवतात, की बाहेरची तार तुटल्याशिवाय बॅटरी इमारतीला जोडलीच जात नाही. लाइनमनही काम सुरू करण्याआधी तारेत वीज नाही हे तपासतो आणि तार जमिनीला जोडून घेतो.