संत्र्याची साल, करवंद आणि नाताळचा केक

नाताळच्या सुटींत शहरांत शिकणारीं मुलें घरीं आलीं म्हणजे दुसऱ्या-तिसऱ्या दिवशीं केकचा विषय निघतोच. मग कोणी तरी तालुक्याहून किंवा जळगांवाहून एक खोकें घेऊन येतो. तो केक बहुधा कोरडा, अतिगोड आणि रंगीत पपईच्या तुकड्यांनीं भरलेला निघतो. त्याच आठवड्यांत आपल्या गोठ्यामागील उकिरड्यावर संत्र्या-मोसंब्यांच्या सालींचा ढीग पडलेला असतो, आणि घडांतलीं शेवटचीं केळीं फार पिकलीं म्हणून गुरांपुढें टाकलेलीं असतात. पहूर पेठ असो वा कसबे, ज्याच्या विहिरीवर लिंबूवर्गाचीं चार झाडें आहेत त्याच्या घरीं हें चित्र दिसूं नये असें आम्हांस वाटतें; म्हणून या अंकीं ओलसर फळांचा केक घरीं कसा करावा हें लिहीत आहों.

केक परका पदार्थ आहे, आपल्या घरीं तो कसा साधावा, अशी शंका कोणी घेईल. मलबारांतील तलशेरी येथें मंबल्ली बापू नांवाचे भट्टीवाले होते. १८८३ सालीं ब्राउन नांवाच्या एका मळेवाल्या साहेबानें विलायतेचा केक त्यांना दाखवून तसा करावयास सांगितलें. बापूंनीं परदेशी मद्याच्या जागीं तेथील काजूच्या बोंडांचें व केळ्यांचें मद्य घालून केक उठविला, असें सांगतात. म्हणजे हिंदुस्थानांत नाताळच्या केकची सुरुवातच केळ्याच्या साह्यानें झाली म्हणावयाची! खानदेशच्या शेतकऱ्यानें मग केळें घालण्यास संकोच कां करावा? आमच्या कृतींत मद्य नाहीं व अंडेंही नाहीं. अंड्याचें मिश्रण बांधण्याचें काम पिकलेलें केळें करतें आणि ओलावाही तेंच धरून ठेवतें.

प्रथम साल. संत्र्याची साल पातळ व सैल असते. मोसंबीच्या सालीखालीं पांढरा गर जाड असतो व कडूपणा मुख्यतः त्यांतच असतो, म्हणून तो सुरीनें खरवडून टाकावा. साल बोटभर लांब चिरून पाण्यांत १० मिनिटें उकळावी व पाणी फेकून द्यावें. असें तीनदां करावें. एकदां उकळून भागत नाहीं. आम्ही घाई करून पाहिली व सर्व साल कडू म्हणून टाकावी लागली. नंतर २५० ग्रॅम सालीस तितकीच साखर व बुडेल इतकें पाणी घालून मंद आंचेवर साल पारदर्शक दिसेपर्यंत शिजवावी, व पातळ फडक्याखालीं दोन दिवस वाळवावी. बरणींत ती महिनोन्‌महिने राहते.

येथें एक गोष्ट आम्ही आग्रहानें सांगतों. फवारलेल्या औषधाचा अंश गरापेक्षां सालींत अधिक राहतो. औषधाच्या डब्यावर फवारणीनंतर किती दिवस फळ तोडूं नये हें छापलेलें असतें. ते दिवस उलटल्यावांचून साल खाण्यांत घेऊं नये. नुसतें धुऊन सर्व अंश जातो या भरंवशावर राहूं नये. घरच्या उपयोगाकरितां बांधावरचीं एक-दोन झाडें विना-फवारणीचीं राखावीं हें उत्तम. फळास डाग पडले तरी सालीच्या मुरंब्यास ते बाधत नाहींत, आणि व्यापारी वगळून टाकतो तें लहान फळ येथें कामास येतें.

आतां करवंद. बाजारांत केकवर लाल चेरी म्हणून जी दिसते ती पुष्कळदां रंगविलेलें करवंदच असतें. हें झाड पाण्याविना तग धरतें, कांटेरी असल्यामुळें कुंपणास उत्तम, आणि वैशाख-ज्येष्ठांत फळ देतें. कच्चीं, टणक करवंदें चिरून बी काढावें, चीक जाण्याकरितां मिठाच्या पाण्यांत रात्रभर ठेवावीं, धुऊन साखरेच्या पाकांत मुरवावीं व नाताळापर्यंत बरणींत राखावीं. रंग घालण्याचें कारण नाहीं. ज्यांनीं यंदा करवंदें मुरविलीं नाहींत त्यांनीं बेदाणे वाढवावे.

केकच्या आदल्या रात्रीं १५० ग्रॅम बेदाणे, ७५ ग्रॅम साल व ७५ ग्रॅम करवंदें दोन संत्र्यांच्या रसांत भिजत घालावीं. कोरडा बेदाणा पिठांतलें पाणी शोषून घेतो. केक कोरडा होण्याचें हें एक कारण आहे. सकाळीं १२५ ग्रॅम लोणी व १५० ग्रॅम साखर फेंसून पांढरें करावें. दोन पूर्ण पिकलेलीं केळीं कुस्करून व १०० ग्रॅम दहीं त्यांत मिसळावें. २५० ग्रॅम मैद्यांत एक लहान चमचा खाण्याचा सोडा, चिमूटभर मीठ व थोडी दालचिनीची पूड घालून तीनदां चाळावें. भिजलेलीं फळें निथळून, त्यांवर यांतलाच मूठभर मैदा भुरभुरावा, म्हणजे तीं तळाशीं बसत नाहींत. उरलेला रस बाजूस ठेवावा. सर्व एकत्र करून हलक्या हातानें कालवावें. पोळीची कणीक मळावी तितकी चांगली. येथें उलट आहे, फार घोटल्यास पिठांत चिकटा सुटून केक चिवट होतो. सोड्याशीं दह्याची आंबटाई भेटतांच वायु निघूं लागतो, म्हणून कालवलेलें मिश्रण ठेवूं नये, लागलीच भाजण्यास घालावें.

विजेची भट्टी असल्यास १६० अंशांवर तास-सवा तास पुरे. नसल्यास जाड पातेल्यांत दोन बोटें वाळू पसरून ती तापवावी, वर तिवई ठेवून केकचें भांडें ठेवावें, झांकणावर निखारे घालावे. आमचा पहिला केक आम्ही पऱ्हाट्यांच्या जाळावर केला. भरताच्या वांग्यास तो जाळ अप्रतिम. केकचा मात्र तळ कोळसा झाला व पोटांत कच्चें पीठ राहिलें. जळण भरभर पेटतें व भरभर विझतें, तेथें मंद व सारखी आंच मिळावी कशी? तेव्हांपासून आम्ही गोवऱ्यांचे निखारे वापरतों. सळई खुपसून कोरडी बाहेर आली म्हणजे केक झाला. पाऊण तासाच्या आंत झांकण उघडूं नये. गार हवा लागून मध्य खचतो.

गरम असतांनाच वरून राखलेला रस चमच्याचमच्यानें शिंपडावा, पूर्ण निवूं द्यावें, व स्वच्छ कापडांत गुंडाळून डब्यांत ठेवावें. त्याच दिवशीं कापल्यास तो भुगा होतो. दुसऱ्या दिवशीं साल व बेदाणे आपला ओलावा सभोंवार देतात व सुरी सरळ चालते. मद्याचा केक महिनोन्‌महिने टिकतो, आपला केळ्याचा तसा नव्हे. थंडींत चार-पांच दिवस, संक्रांतीनंतर ऊन वाढलें कीं दोनच दिवस. कोठें पांढरी बुरशी दिसली तर तेवढाच भाग कापून उरलेला मुलांस देऊं नये, सर्व टाकावा.