गावाचा नेम

भाविक वाचकहो, एकट्याने धरलेला नेम आपणांस ठाऊक आहे. गळ्यात माळ पडली की अभक्ष्य सुटले, एकादशी आली की अन्न वर्ज्य. पण साऱ्या गावानेही नेम धरावयाचा असतो काय? आज त्याचा विचार करू.

अहिल्यानगर (पूर्वीचे अहमदनगर) जिल्ह्यातील राळेगणसिद्धी हे दुष्काळी गाव. १९७५ साली सैन्यातून परतलेल्या अण्णा हजारे यांनी आधी स्वतःच्या पैशाने यादवबाबांच्या मंदिराचा जीर्णोद्धार केला. गाव देवळात जमू लागले, दारूच्या भट्ट्या मोडल्या, मग बंधाऱ्यांची कामे उभी राहिली. क्रम ध्यानात घ्या. आधी माणसे जोडली, मग पाणी अडले.

त्याच जिल्ह्यातील हिवरे बाजारात १९८९ साली पोपटराव पवार सरपंच झाले. पुढे गावाने नशाबंदी, कुऱ्हाडबंदी, चराईबंदी, कुटुंबनियोजन व श्रमदान हे नेम पत्करले. डोंगरावर चर खणले. पण चर खणून भागते काय? मोकाट गुरे फिरली की गवत राहत नाही, गवत गेले की माती वाहते आणि चर गाळाने बुजतात. म्हणून गवत विळ्याने कापून न्यावे, गुरे सोडू नयेत, असे ठरले. पाऊस मोजून पाण्याचा ताळेबंद ग्रामसभेत मांडतात. आधी माणसांचे व गुरांचे पिण्याचे पाणी, उरेल त्यावर पिके. शेतीसाठी बोअर घ्यावयाची नाही.

येथे कोणी शंका घेईल, "माझ्या रानात मी बोअर पाडली, तर दुसऱ्याचे काय जाते?" त्यास उत्तर असे : बांध जमिनीवर असतो, जमिनीच्या पोटात नसतो. खोल बोअरीने शेजाऱ्याची विहीर आटते. एकादशीचा उपास करून शेजाऱ्याच्या तोंडचे पाणी पळवले, तर तो उपास कोणाला पावला?

दुसरी शंका अधिक खरी आहे. चराईबंदी झाली की ज्याला जमीन नाही, चार शेळ्याच आहेत, त्याने काय करावे? त्याला कापल्या गवतात वाटा व हाताला काम आधी मिळाले पाहिजे. दिंडीत थकल्या माणसाला मागे टाकून कोणी पंढरी गाठत नाही. ज्या नेमाचा भार गरिबावरच पडतो, तो टिकत नाही.

बंधारा सरकारही बांधून देईल. नेम मात्र गावालाच धरावा लागतो. येत्या एकादशीला कीर्तन आटोपले की देवळातच एकमेकांस विचारावे, "यंदा आपल्या शिवारात पाऊस किती पडला, आणि पाणी किती उपसले?" तेथून आरंभ होईल.

रामकृष्णहरि.