पावती गेली, पण पोचली का?

जळगावच्या एका डाळमिलचा वजनकाटा आणि धुळ्यातलं तिचं हिशेबाचं ऑफिस. गाडीचं वजन झालं की काट्यावरची पायथन स्क्रिप्ट पावतीचा तपशील धुळ्याच्या मशीनवर, रॅबिटएमक्यूच्या रांगेत टाकते. ही जोडणी करताना जे दिसलं, ते असं काम करणाऱ्यांसाठी.

तक्रार होती, "भाऊ, धुळ्याच्या मशीनवर बसून चालवलं तर चालतं, इथून नाही." अशा वेळी कोडला हात लावण्याआधी एरर वाचा. 'कनेक्शन रिफ्यूज्ड' आला तर बहुधा ५६७२ पोर्टवर ऐकणारं कुणी नाही. सर्व्हिस बंद आहे किंवा फक्त लोकलहोस्टवर चालू आहे. ताटकळत ठेवून 'टाइमआउट' आला तर बहुतेक वेळा फायरवॉल आडवी येते. 'अ‍ॅक्सेस रिफ्यूज्ड' म्हणजे नेटवर्क ठीक, घोळ लॉगिनचा.

इथं घोळ लॉगिनचाच होता. ३.३.० आवृत्तीपासून, म्हणजे २०१४ पासून, 'गेस्ट' हा आयता युजर फक्त लोकलहोस्टवरून आत येतो. आधी काम पाहणाऱ्याचा सल्ला होता, गेस्टला बाहेरून मोकळीक द्या. तसं अजिबात करू नका. त्याचा पासवर्डही 'गेस्ट'च, आणि तो जगाला ठाऊक. वेगळा युजर करा. त्याला व्हर्च्युअल होस्टवर परवानगी द्या. ही पायरी हमखास राहते. ५६७२ वरून पासवर्ड उघडा जातो, म्हणून व्हीपीएन, एसएसएच टनेल किंवा ५६७१ वरचं टीएलएस वापरा.

खरा त्रास जोडणीनंतरचा. गाड्यांची रीघ असली की सगळं सुरळीत. दुपारी काटा रिकामा राहिला की पुढची पहिली पावती गायब. स्क्रिप्ट काट्याच्या आकड्याची वाट बघत अडून बसायची, हार्टबीट जायचा नाही आणि सर्व्हर कनेक्शन तोडायचा. आता प्रत्येक वजनाला नवं कनेक्शन उघडतं; एवढ्या गाड्यांना ते परवडतं. पावती आधी जळगावातच डिस्कवर उतरते आणि सर्व्हरची पोच आल्यावरच तिच्यावर 'पाठवली' अशी खूण होते. रांग ड्युरेबल आणि मेसेज पर्सिस्टंट ठेवा, नाहीतर सर्व्हर रीस्टार्ट झाला की सगळं साफ. धुळ्याच्या स्क्रिप्टनंही हिशेबात नोंद झाल्यावरच अ‍ॅक द्यावा. एखादा मेसेज दुबार येतोच, म्हणून पावती क्रमांक बघून नोंद एकदाच करा.

शेवटी एक चाचणी. वजनं चालू असताना मुद्दाम नेटची वायर काढा, पाच मिनिटांनी लावा आणि दोन्हीकडच्या पावत्या मोजा. आकडा जुळला, तरच काम झालं म्हणा.