जुनी मोटार, ऑक्सिजन सेन्सर आणि आपले इथेनॉल



आपल्या भागातली बरीच मंडळी लालबाग, परळ, दादर, गिरगाव इथे नोकरीधंद्याला आहेत. गणपतीला, जत्रेला जुनी मोटार घेऊन गावी आली की एक तक्रार हमखास ऐकायला मिळते: "तुमचं इथेनॉल पेट्रोलात आलं आणि गाडी बिघडली." इथेनॉल आपल्या उसाचे आहे. तेव्हा या तक्रारीत तथ्य किती, हे आपल्याला कळले पाहिजे.

मिश्रण म्हणजे काय?
एक किलो पेट्रोल पुरते जळायला सुमारे १४.७ किलो हवा लागते. इथेनॉलमध्ये वजनाच्या सुमारे ३५ टक्के प्राणवायू मुळातच असतो, म्हणून त्याला ९ किलो हवा पुरते. अर्थात २० टक्के इथेनॉल मिसळले, तर तेवढ्याच हवेला इंधन सुमारे ८ टक्के जास्त द्यावे लागते. इंधन कमी पडले तर मिश्रण 'लीन', जास्त झाले तर 'रिच'.

मुंबईची पद्मिनी टॅक्सी कार्बोरेटरवर चाले. मेकॅनिक कानाने ऐकून स्क्रू फिरवी. शेवटची पद्मिनी टॅक्सी २९ ऑक्टोबर २००३ रोजी ताडदेव आरटीओत नोंदली गेली आणि २० वर्षांची मुदत संपून २०२३ साली सेवेतून गेली. पुढच्या इंजेक्टरच्या गाड्यांत धुराच्या नळीतला ऑक्सिजन सेन्सर उरलेला प्राणवायू मोजतो आणि गाडीतला संगणक इंधन कमीजास्त करतो. या दुरुस्तीला 'फ्युएल ट्रिम' म्हणतात.

तपासणी कशी करावी?
१) गाडी १५-२० मिनिटे चालवून तापवावी. सेन्सर सुमारे ३०० अंशांवर गेल्याशिवाय नीट बोलत नाही. गिरगावच्या गल्लीत उभ्या थंड गाडीवरचे माप धरू नये.

२) लॅमिंग्टन रोडला मिळतो तसला डिजिटल मल्टिमीटर सेन्सरच्या सिग्नल वायरला लावावा. रेस थोडी वाढवून धरली की काटा, म्हणजे आकडा, ०.१ ते ०.९ व्होल्टमध्ये सारखा हलला पाहिजे. खालीच राहिला तर लीन, वरच राहिला तर रिच.

३) एकदम रेस द्यावी, मग सोडावी. आकडा चटकन वर जाऊन खाली आला, तर सेन्सर जिवंत आहे. तो बदलू नये. दोष दुसरीकडे शोधावा.

४) स्कॅनर लावून ट्रिम पाहावी. मिश्रण लीन असून उभ्या गाडीत ट्रिम फार जास्त आणि रेसवर कमी होत असेल, तर व्हॅक्यूमची नळी चिरलेली असते. चढावर, ओझ्यावर ट्रिम वाढत असेल, तर फिल्टर तुंबलेला किंवा पंप कमजोर. सेन्सरच्या अलीकडे धुराची नळी फुटली असेल, तर बाहेरची हवा शिरून खोटे 'लीन' दिसते.

५) प्लग काळे, काजळीचे असतील तर मिश्रण रिच. गळका इंजेक्टर किंवा इंजिन थंडच आहे असे सांगणारा उष्णतेचा सेन्सर पाहावा.

ऊस पिवळा पडला की आपण लगेच युरियाकडे धावतो. पण कधी लोह कमी असते, कधी पाणी साचलेले. सेन्सरचेही तसेच. तो रोग दाखवतो, रोग तोच नसतो.

इथेनॉलचा दोष किती?
लिटरमागे इथेनॉलची शक्ती पेट्रोलच्या दोनतृतीयांश, म्हणून ॲव्हरेज काहीसे घटते, हे खरे. जुन्या रबरी नळ्या त्याने फुगतात, टाकीतला साचलेला मळ सुटून फिल्टरमध्ये येतो आणि पावसाळ्यात महिनोन् महिने उभ्या गाडीच्या टाकीत ते पाणी ओढते, हेही खरे. नळ्या व फिल्टर बदलावेत, टाकी अर्धी ठेवून गाडी उभी करू नये. पण ट्रिम २० टक्क्यांवर गेली असेल, तर ते एकट्या इथेनॉलचे काम नव्हे.

इथेनॉलच्या पैशावर कारखान्याची उसाची बिले काही अंशी अवलंबून असतात. म्हणून आपल्या मालाची बाजू जरूर घ्यावी, मात्र आधी मोजून, मग बोलून. नाही तर ग्राहकाचा विश्वास जाईल आणि तो कुठल्याच फिल्टरने परत मिळत नाही.