भिंतीवरील भूमी : वारली चित्रकलेचे वाचन

अहिल्यानगर जिल्ह्याचा बराचसा भाग पर्जन्यछायेत मोडतो. पश्चिमेकडील अकोले तालुक्याचे चित्र मात्र वेगळे आहे. कळसूबाई, रतनगड आणि हरिश्चंद्रगड यांच्या कुशीत महादेव कोळी व ठाकर समाजांची गावे वसली आहेत. राब भाजून भात, नागली व वरई पिकविणारा आणि वाघबारसेला गावच्या वाघोबाची पूजा करणारा हा समाज आहे. सातबाराच्या उताऱ्यावर जमिनीचे क्षेत्र, आकार आणि खातेदाराचे नाव नोंदलेले असते. परंतु माणूस, डोंगर, वाघ आणि धान्य यांना बांधणाऱ्या नात्यासाठी त्यात रकाना नाही. हे नाते चित्राच्या भाषेत नोंदवून ठेवण्याचे कार्य सह्याद्रीच्या पलीकडे, डहाणू, तलासरी, जव्हार या भागांतील वारली समाजाने केले आहे. त्याचा अभ्यास अकोल्यासारख्या तालुक्यातील शिक्षकांना व पंचायत सदस्यांनाही उद्बोधक ठरेल.

चौक आणि पालघट

वारली चित्राचे मूळ स्थान घराची भिंत होय. कुडाच्या भिंतीवर माती व शेण लिंपून तीवर गेरूचा हात देतात. तांदळाच्या पिठाची पांढरी पातळ खळ हा एकच रंग आणि टोक ठेचलेली बांबूची काडी हीच कुंचली. लग्नप्रसंगी सवासिनी भिंतीवर चौक लिहितात आणि धवलेरी त्या वेळी विधीची गाणी गाते. चौकाच्या मध्यभागी पालघट देवी असते. ती सृजनाची देवता. तिच्या चौकावाचून लग्न सिद्धीस जात नाही. चौकाभोवती झाडे, पशू, पक्षी, सूर्य व चंद्र येतात. नवा संसार उभा राहताना आधी भूमीची सुफलता भिंतीवर अवतरते, मग वधूवर तिच्यासमोर येतात. हा क्रम अर्थपूर्ण आहे. ‘वारल’ म्हणजे जमिनीचा लहानसा तुकडा, यावरूनच जमातीचे नाव पडले असे मानले जाते.

चित्र कसे वाचावे

शीर्षाशी जोडलेले दोन त्रिकोण म्हणजे मानवी देह, वर एक वर्तुळ म्हणजे मस्तक. एवढ्या अल्प रेषांतून पेरणी, झोडणी, मासेमारी आणि नृत्य सजीव होते. या चित्रांना बहुधा क्षितिज नसते. शेत वरून पाहिल्यासारखे, तर त्यातील झाड व माणूस बाजूने पाहिल्यासारखे असतात. अमुक पुढे व तमुक मागे अशी प्रतवारी नसल्यामुळे भूमी ही माणसाच्या पाठीमागचा पडदा राहत नाही. झाड माणसाहून कितीतरी मोठे असते आणि मुंग्यांची रांगही मन लावून काढलेली असते. तारपा नृत्यात नर्तकांची साखळी वादकाभोवती वळसे घेते. भोपळा व बांबू यांपासून घडविलेल्या त्या वाद्याचा सूरही रानातूनच आलेला असतो. माणूस हा भूमीचा धनी नसून तिच्या फेऱ्यातील एक आहे, हा विचार येथे कोणत्याही उपदेशावाचून व्यक्त होतो.

भिंतीवरून कागदावर

बिहारमधील दुष्काळाच्या काळात मिथिलेतील स्त्रियांच्या चित्रकलेला कागदावर आणण्याच्या कार्यात ज्यांचा वाटा होता, ते भास्कर कुलकर्णी १९७० नंतरच्या काळात वारली पाड्यांवर पोहोचले. डहाणू तालुक्यातील गंजाडचे जिव्या सोमा म्हसे (१९३४–२०१८) यांची प्रतिभा त्यांनी हेरली. स्त्रियांनी विधीपुरती जपलेली ही कला म्हसे यांनी रोजच्या हातात घेतली आणि तिला कागद व कापडावर नेले. त्यांच्या एखाद्या चित्रात मासेमारीचे जाळेच सारी चौकट व्यापून टाकते. नदी, मासे व माणसे त्याच्याच अनुषंगाने दिसतात. २०११ मध्ये त्यांना ‘पद्मश्री’ने गौरविण्यात आले. २०१४ मध्ये वारली चित्रकलेची भौगोलिक निर्देशन म्हणून नोंद झाली.

ज्या भूमीचे हे चित्र, तीच हातून जाण्याचा अनुभवही या समाजाने घेतला आहे. सावकार व जमीनदार यांच्याकडे जमिनी गेल्या, वेठबिगारी आली आणि १९४५ मध्ये वारल्यांचा लढा उभा राहिला. गंजाडचेच राजेश वांगड यांनी २०१३ पासून छायाचित्रकार गौरी गिल यांच्यासमवेत केलेले काम या दृष्टीने लक्षणीय आहे. गिल यांनी परिसराची छायाचित्रे घ्यावीत आणि वांगड यांनी त्यांवर शाईने तेथील कथा, देव आणि घडून गेलेल्या घटना रेखाटाव्यात, अशी ही योजना. कॅमेऱ्याला जेथे मोकळे माळरान दिसते, तेथे रहिवाशाला स्मृतींनी गजबजलेला मुलूख दिसतो.

नक्षी नव्हे, नोंद

आज राज्यातील अनेक शाळा व कार्यालयांच्या भिंतींवर वारली आकृत्या आढळतात. ही आवड स्वागतार्ह आहे; परंतु त्रिकोणांची माणसे कडेच्या नक्षीप्रमाणे उमटवीत गेल्यास चित्रातील भूमी नाहीशी होते आणि केवळ वळण उरते. अकोल्यातील विद्यार्थ्याने वारली माणसाची नक्कल करण्यापेक्षा वारली दृष्टी घेऊन स्वतःचे गाव रेखाटणे अधिक मोलाचे ठरेल. राबाचे शेत, वाघोबाचे स्थान, आजीला ठाऊक असलेली रानभाजीची जागा, उन्हाळ्यातही न आटणारा झरा हे त्याचे विषय होत. कोंभाळणे येथील राहीबाई पोपेरे यांनी गावठी बियाण्यांचे जतन केले व २०२० मध्ये त्यांना ‘पद्मश्री’ जाहीर झाली. ते कार्यही अशाच नोंदीचे आहे. भिंतीऐवजी ती मडक्यांत व कणग्यांत साठविलेली आहे, एवढेच.

ग्रामसभेच्या दृष्टीनेही या गोष्टीला महत्त्व आहे. वनहक्क कायदा, २००६ याखालील नियमांनुसार सामूहिक हक्काच्या दाव्यासाठी पवित्र वृक्ष, देवराया, तळी, नदीकाठ व दफनभूमी यांसारख्या खुणा पुरावा म्हणून विचारात घेता येतात. जैवविविधता कायदा, २००२ अन्वये गावाने लोक जैवविविधता नोंदवही तयार करावयाची असते. अशा कामाचा आरंभ वडीलधाऱ्यांना सोबत घेऊन मुलांनी काढलेल्या गावाच्या चित्रापासून करता येईल. चित्र हा काही कायदेशीर दस्तऐवज नव्हे. मात्र कोणती खूण कोठे आहे व ती कोण सांगू शकेल, हे त्यातून उघड होते. मग ते निवेदन रीतसर लिहून घेणे सोपे जाते.

सांगणारी पिढी हयात आहे, तोवरच हे होणे शक्य आहे. वारली सवासिनींनी पिठाच्या खळीने जे जपले, ते जपण्यासाठी अकोल्याच्या शाळेत खडू आणि फळा पुरेसा आहे.