वकीलपत्रावर सही करण्याआधी

अगं, मामांनी सुचवलेल्या वकिलाला लगेच हो म्हणू नकोस. मामांचं मन चांगलंय, पण त्या वकिलाची तुझ्या सासऱ्यांकडेही ऊठबस आहे. आपल्या परभणी जिल्ह्यात कोण कुणाच्या ओळखीचं निघेल, नेम नाही. पहिल्या भेटीतच तोंडावर विचारायचं, "सासरच्या कुणाचं काम तुमच्याकडे आहे का?"

आणि नवरा चाकणला म्हणून पुण्याला खेटे घालावे लागतील, ही भीती काढून टाक. तू माहेरी गंगाखेडला राहतेस, तर पोटगीचा आणि घरगुती हिंसाचाराचा अर्ज गंगाखेडच्याच कोर्टात करता येतो. घटस्फोटासाठीही बायको राहते तिथं अर्ज करायची सोय 2003 पासून हिंदू विवाह कायद्यात आहे. तेव्हा वकील जवळचाच बघ. खंडपीठात गाजलेलं नाव घेऊन काय करायचं? तो ज्युनिअरला पाठवणार, ज्युनिअर पुढची तारीख घेणार, अन् तू लेकराला कडेवर घेऊन परत.

वकिलांना जाहिरात करायची बार कौन्सिलची मनाई आहे. त्यामुळे मोबाइलवर 'तीन महिन्यांत घटस्फोट' दिसलं की पुढं सरकव. त्यापेक्षा एक दिवस कोर्टात मागच्या बाकावर जाऊन बस. पोटगीची प्रकरणं पुकारली की कोण फाइल वाचून आलंय, कोण आपल्याच बाईवर खेकसतंय, सगळं दिसतं.

पैशाचं म्हणशील, तर 1987 च्या विधी सेवा कायद्यानं बाईला मिळकत न बघता सरकारी खर्चानं वकील मिळतो. परभणीला जिल्हा विधी सेवा प्राधिकरण आहे, तालुक्याला समिती. 15100 वर फोन लावलास तरी वाट सांगतात. मामी म्हणतील, फुकटचा वकील मन लावत नाही. असतात तसे काही. पण हजारो रुपये घेऊन मन न लावणारेही मी पाहिलेत! खाजगी केलास तर फी तारखेवर की एकरकमी, ते आधी ठरव आणि दिलेल्या पैशाची पावती माग. मिळणाऱ्या पोटगीत हिस्सा मागितला तर तिथून ऊठ. नियमात ते बसतच नाही. कोर्ट फीचंही तसंच बघ. पोटगी-घटस्फोटाच्या प्रकरणांत महाराष्ट्रात बायकांना ती 1994 पासून माफ आहे. तरी कुणी मागितली, तर कशाची ते विचार.

कोऱ्या कागदावर सही मात्र कुणालाच द्यायची नाही, मामांनाही नाही. शंभराच्या स्टॅम्पवर नोटरीकडून सोडचिठ्ठी लिहून घेऊ, कोर्टाची कटकट नको, असं सासरकडून येईल. नुसत्या त्या कागदानं घटस्फोट होत नाही गं. पुढं त्यानं दुसरं लग्न केलं की निस्तरत तूच बसशील.

पोटगीच्या प्रकरणात दोघांनाही मिळकतीचं शपथपत्र द्यावं लागतं. 2020 च्या रजनेश विरुद्ध नेहा निकालात सुप्रीम कोर्टानं तसं ठरवून दिलंय. म्हणून त्याची पगाराची स्लिप, बँकेचे मेसेज, सातबारा, हाती लागेल ते गोळा कर. लग्नपत्रिका, फोटो, बाळाचा जन्मदाखलाही हवा. वकिलाला झेरॉक्स द्यायच्या, अस्सल कागद आईच्या कपाटात ठेवायचे.

सोमवारी मी परभणीहून सकाळच्या गाडीनं येते. तोवर काय काय घडलं ते तारखांसकट वहीत लिहून ठेव; रडू आलं तर थांब, मग पुन्हा लिही. आणि मामांना सांग, ताई येणार आहे, तेव्हाच ठरवू.